पाड्याच्या रूढी लिहायच्या, तर आधी निवाडे लिहा

प्रश्न विचारणारी मुलगी मुंबईत गोरेगावच्या आरेतल्या एका पाड्यावरची, वारली, कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला शिकणारी. तिचं म्हणणं थोडक्यात असं: "पूर्वी आमच्याकडे भांडण झालं की जाणते बसायचे आणि मिटवायचे. आता कोणीही उठतं आणि पोलीस ठाण्यात जातं. आम्ही काही जणांनी पाड्याच्या रूढी लिहून नियमावली छापायचं ठरवलंय. पण मुंबईत पेसा (आदिवासी क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) लागू नाही, मग तिला कायद्याने किंमत आहे का? ती पाळायला कोणाला भाग कसं पाडायचं? आणि म्हातारे म्हणतात मुलीला वाटा नाही. माझ्या विधवा आत्याला याच कारणावरून घर सोडायला सांगतायत. हेही लिहायचं का?"

थेट उत्तर आधी देते. नियमावली आत्ता छापू नका, वही सुरू करा. पाड्यात जे भांडण मिटेल ते कोणाचं होतं, कोण बसलं, काय ठरलं आणि ते पाळलं गेलं का, एवढंच तिच्यात लिहा. नियमावली सुचायचीच असेल तर दहा वर्षांनी त्या वहीतून सुचेल. मी आदिवासी नाही, बाहेरची वकील आहे. ठाणे-पालघरच्या पाड्यांवर आणि मुंबईतल्या कोर्टांत सत्तावीस वर्षं गेली, त्यातली पहिली काही वर्षं मी नेमकी तुम्ही करू पाहताय तीच चूक करत होते.

डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावर आम्ही तिघे-चौघे तीन महिने बसलो. जाणत्यांना विचारून चौसष्ट कलमांची पुस्तिका केली, वर सुंदर चौक (वारली लग्नातलं भिंतीवरचं चित्र) काढून घेतला, गावात वाटली. त्यात एक कलम होतं: विधवेने पाट (पुनर्विवाह) लावला की नवऱ्याच्या घरावरचा तिचा हक्क संपला. जाणत्यांनी सांगितलं, आम्ही लिहिलं. सहा वर्षांनी त्याच गावची एक बाई माझ्याकडे आली. पाट लावला म्हणून दिराने तिला बाहेर काढलं होतं. सुनावणीत समोरच्या वकिलाने बॅगेतून आमचीच पुस्तिका काढली आणि मला विचारलं, मॅडम, हे अक्षर कोणाचं? दावा आम्ही कसाबसा आपसात मिटवला. त्यानंतर मी परत त्या पाड्यावर गेले आणि या वेळी बायकांना विचारलं. पाट लावूनही त्याच घरात राहिलेल्या तिघी निघाल्या, एक तर पंचांपैकी एकाची सख्खी बहीण. तोंडी सांगितलेला नियम एक होता आणि गाव वागत आलं होतं दुसरंच. आम्ही नेमका तोंडी नियम छापला.

ही चूक या शहराने आमच्याही आधी केली आहे. आर्थर स्टील नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनमधल्या जातींच्या रूढींचं संकलन १८२७ मध्ये छापलं. जातींचे प्रमुख आणि शास्त्री यांनी सांगितलं ते त्यात गेलं. योगायोग असा, की त्याच वर्षीच्या मुंबई इलाख्याच्या चौथ्या रेग्युलेशनने कोर्टांना सांगितलं: कायद्यात तरतूद नसेल तर त्या मुलखाची वहिवाट बघा. म्हणजे इथल्या कोर्टात रूढीला बसायला खुर्ची फार पूर्वीपासून आहे. प्रश्न असतो तो त्या खुर्चीवर कोणाची रूढी बसवली याचा.

आता पेसाकडे. तुमचं बरोबर आहे. १९९६ चा पेसा संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी क्षेत्राला लागू होतो. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा त्यात आहेत, मुंबई नाही. तिकडे ग्रामसभेला परंपरा, सामूहिक साधनसंपत्ती आणि भांडणं मिटवायची रूढ पद्धत जपण्याचा अधिकार कलम ४(ड) ने थेट दिला आहे, आणि २०१४ च्या महाराष्ट्राच्या नियमांनी पाड्याला स्वतःची वेगळी ग्रामसभा मागता येते. गोरेगावात यातलं काहीच नाही.

पण पेसा जमिनीला चिकटलेला कायदा आहे आणि तुमच्या रूढींचा मोठा भाग माणसाला चिकटलेला. हिंदू विवाह कायदा आणि हिंदू वारसा कायदा, दोन्हींच्या कलम २(२) मध्ये म्हटलंय की केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय हे कायदे अनुसूचित जमातींना लागू नाहीत. त्यामुळे वारली माणूस जव्हारला असो की आरेत, त्याचं लग्न आणि वारसा यांना त्याची रूढीच लागू. वर संविधानाच्या कलम १३ मध्ये 'कायदा' या शब्दाच्या व्याख्येत कायद्याचं बळ असलेली रूढी धरली आहे. त्याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा: रूढी कायदा ठरली की ती मूलभूत हक्कांच्या कसोटीलाही लागते.

मग अडतं कुठे? पुराव्यावर. रूढी आहे असं जो म्हणतो त्यानेच ती सिद्ध करायची. ती जुनी हवी, निश्चित हवी, सलग पाळलेली हवी, अवाजवी किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध नको. २००१ चा सूरजमणी स्टेला कुजूर यांचा सुप्रीम कोर्टातला निकाल तुमच्या अभ्यासक्रमात असेल तर पुन्हा वाचा. नवरा संथाळ, बायको उरांव. दुसरं लग्न केलं म्हणून बाईने दिल्लीच्या कोर्टात नवऱ्याविरुद्ध तक्रार केली. आमच्या जमातीत एकच लग्न चालतं, असं तिचं म्हणणं. कोर्टाने विचारलं, दुसरं लग्न रद्दबातल ठरवणारी रूढी कुठे आहे, दाखवा. दाखवता आली नाही, तक्रार फेटाळली गेली. कदाचित ती रूढी असेलही. कागदावर ती मोडल्याचं आणि मोडणाऱ्याला समज दिल्याचं एकही उदाहरण नव्हतं.

उदाहरण हा शब्द मुद्दाम वापरतेय. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम १३ हेच सांगायचं: रूढीचा प्रश्न असेल तर ती ज्या व्यवहारात मान्य झाली, बजावली गेली किंवा नाकारली गेली ते प्रसंग पुराव्यात घेता येतात. कलम ४८ ने रूढीची माहिती असणाऱ्या माणसांच्या मताला जागा दिली. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम आला, पण या तरतुदी तशाच पुढे आल्या आहेत. छापील नियमावली हे फार तर तुमचं म्हणणं झालं, प्रसंग मात्र वहीतच सापडतात.

वही कशी लिहायची? शंभर-दोनशे पानी, शिवलेली, पानांना आकडे घातलेली. सुट्या कागदांवर नको, मोबाइलवरही नको (फोटो काढून ठेवा, ते वेगळं). तारीख, दोन्ही बाजूंची नावं, बसलेल्या बायका-पुरुषांची नावं, भांडण चार ओळींत, दोघांचं म्हणणं, ठरलं काय, आणि ते का ठरलं. हे 'का' सगळे विसरतात, आणि पुढे कोर्ट नेमकं तेच विचारतं. "आजीच्या वेळी असंच झालं होतं" एवढंही पुरतं, फक्त आजी कोणती आणि काय झालं होतं ते त्यांच्याच शब्दांत टाका. सह्या, अंगठे. मग तीन महिन्यांनी त्याच पानावर एक ओळ: पाळलं की मोडलं. मोडलं असेल तर तेही लिहा. जिथे कधीच काही मोडलं नाही अशी वही कोणी खरी मानत नाही.

आणि लग्नांची एक वेगळी वही करा. लग्न धवलेरीने (गाणी गाऊन लग्न लावणाऱ्या वारली बाईने) लावलं की भटजीने, मांडवात की हॉलमध्ये. हे मी कुचेष्टेने म्हणत नाही, हॉलचं भाडं परवडलं तर कोण नको म्हणेल. पण शहरातल्या आदिवासींबद्दल समोरचा वकील हमखास म्हणतो की हे लोक हिंदू चालीरीतींत मिसळले, आता यांना हिंदू वारसा कायदा लावा. २००० मध्ये लबीश्वर मांझी प्रकरणात संथाळ पक्षकारांबाबत सुप्रीम कोर्टाने ते मान्यही केलं. कधी कधी बाईला त्याचाच फायदा होतो, म्हणून आधीच कोणती बाजू धरायची ते ठरवू नका. खरं काय घडतंय ते नोंदवा.

जुन्या काळाचं काय, असं तुम्ही विचाराल. मागचे निवाडे तर लिहिलेलेच नाहीत. ते गोष्टींत आणि गाण्यांत आहेत. कॅनडात गित्क्सान आणि वेत्सुवेतेन या मूलनिवासी लोकांनी जमिनीच्या हक्कासाठी दावा लावला तेव्हा त्यांच्या घराण्यांच्या कथा आणि गाणी हाच त्यांचा दस्तऐवज होता. एक वृद्ध बाई कोर्टात गाऊ लागली, तर न्यायाधीश म्हणाले की माझा कान गाण्याचा नाही, मला गाऊन दाखवून उपयोग नाही. १९९१ च्या निकालात त्यांनी त्या मौखिक परंपरेला फारसं वजन दिलं नाही. ११ डिसेंबर १९९७ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने, डेल्गामुक्व निकालात, ते चूक ठरवलं: मौखिक इतिहासाला लेखी कागदाच्या बरोबरीने तोलायला हवं. पुढे तिथल्या व्हिक्टोरिया विद्यापीठात २०१८ पासून सरकारी कायदा आणि मूलनिवासींचा कायदा, दोन्हींची मिळून पदवी सुरू झाली. तिथले अभ्यासक जुनी गोष्ट एखाद्या निकालासारखी वाचतात: अडचण काय होती, ठरवलं कोणी, काय ठरवलं, आणि का.

हे तुमच्याकडे करून बघण्यासारखं आहे. धवलेरी लग्नात जे गाते त्यात कोण कोणाचं काय लागतं आणि कोणाचं कोणाला काय देणं आहे ते सगळं असतं. देज (मुलीसाठी वराकडून द्यायचं मोल) किती, कोणाला, मोडलं तर परत काय. माझ्या ओळखीच्या एका धवलेरीला मी विचारलं होतं, की नवरा-बायको आधीच एकत्र राहत असतील, पोरं झाली असतील आणि लग्न नंतर लावायचं असेल तर ती पोरं औरस का? ती माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, पोरं मांडवात आईबापाच्या बाजूला बसतात की, मग कोणाची असणार? पैसे जमेपर्यंत लग्न लांबवण्याची चाल वारल्यांत जुनीच आहे. तिचं ते वाक्य मी एका दाव्यात प्रतिज्ञापत्रावर घेतलं. गाणं ध्वनिमुद्रित करा, पण गाणारीला विचारून, आणि कोणती गाणी बाहेर न्यायची नाहीत ते तिलाच ठरवू द्या.

न्यूझीलंडचं एक उदाहरण घाईत सांगून टाकते. पीटर एलिस नावाचा आरोपी अपील चालू असताना २०१९ मध्ये वारला. मेल्यावर अपील चालू ठेवायचं का, हे ठरवताना तिथल्या सुप्रीम कोर्टाने माओरी रूढी, म्हणजे टिकांगा, विचारात घेतली. माणसाची अब्रू मरणाने संपत नाही, हा त्यातला एक धागा. एलिस स्वतः माओरी नव्हता. २०२२ मध्ये त्या कोर्टाने स्पष्ट म्हटलं की टिकांगा हा देशाच्या सामान्य कायद्याचा भाग आहे. आपल्याकडे कोणी असा युक्तिवाद करेल तर मला ऐकायला जायचंय.

रूढी जिवंत आहे की नाही हे बघायला तुम्हाला गोरेगावबाहेर फार लांब जावं लागणार नाही. मढ, उत्तन, वसईच्या मच्छीमारांत डोल जाळ्यासाठी समुद्रात खांब रोवायच्या जागा, ज्यांना ते कव म्हणतात, पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या आहेत. त्यांचा सातबारा नाही. कोणी दुसऱ्याच्या हद्दीत खांब रोवला की भर समुद्रात भांडण उभं राहतं आणि वसईकर-पालघरकर वर्षानुवर्षं वाद घालत बसतात. मला ते चांगलं लक्षण वाटतं. ज्या रूढीवरून कोणी भांडतच नाही ती बहुधा मेलेली असते.

अंमलबजावणीचा तुमचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला. पोलीस तुमचा निवाडा बजावणार नाहीत आणि त्यांनी बजावावा असा आग्रहही धरू नका. पण एक वाट आहे जी फार कमी पाडे वापरतात. पाड्यात आपसात तडजोड झाली की दोन्ही बाजूंच्या सह्यांनिशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा आणि दावा दाखल होण्याआधीचं प्रकरण म्हणून लोकअदालतीत ठेवा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे लोकअदालतीचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच धरला जातो, आणि त्यावर अपील नाही. म्हणजे ठरवलं पाड्याने, शिक्का कोर्टाचा. याच कायद्याच्या कलम १२ मुळे अनुसूचित जमातीच्या माणसाला, आणि कुठल्याही बाईला, उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. आरेतली जमीन सरकारी असल्याने अशा तडजोडीने मालकी मिळणार नाही. घरात कोणी राहायचं, झाडाची फळं कोणी घ्यायची, हे मात्र दोन भावांत पक्कं होतं.

जंगलाचं वेगळं. आरेची सुमारे ८०० एकर जमीन वनखात्याकडे गेली आहे. तुमचा पाडा किंवा तुमची गावदेवी त्या हद्दीत येत असेल तर २००६ चा वनहक्क कायदा बघा. त्यातली 'गाव' ची व्याख्या जुन्या वस्त्यांनाही धरते, त्या गाव म्हणून अधिसूचित असोत वा नसोत. पुराव्यांच्या नियम १३ मध्ये देवाच्या जागा, स्मशानं, विहिरी आणि दावेदार सोडून इतर वृद्धांचे लिहून घेतलेले जबाब चालतात. सामूहिक वनहक्क मिळाला की कलम ५ ने ग्रामसभा जंगल वापराचे नियम करू शकते, आणि ते नियम रूढीवरच उभे राहतात. सभेला निम्मे सभासद हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा)ला २००९ मध्ये १,८०९ हेक्टरवर हक्क मिळाला, पण बांबूच्या वाहतुकीचा परवाना स्वतः द्यायचा अधिकार मिळवायला २०११ उजाडलं. त्यांच्याकडे त्याआधी वीसेक वर्षांची अभ्यासगटाची आणि सर्वसहमतीने ठरवण्याची सवय होती. ओडिशात २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने नियमगिरी डोंगरातल्या खाणीचा प्रश्न ग्रामसभांकडे पाठवला तेव्हा बाराच्या बारा सभांनी खाणीला नाही म्हटलं. तिथल्या डोंगरिया कोंधांच्या देवाचं नावच नियमराजा आहे. त्या सभांची इतिवृत्तं टिकली म्हणून ते 'नाही' टिकलं.

आता जे वहीत यायलाच नको ते. कोणाला वाळीत टाकायचं नाही. त्याच्याशी बोलायचं नाही, पाणी द्यायचं नाही, लग्नाला बोलवायचं नाही, असं ठरवणं २०१६ च्या महाराष्ट्राच्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तो ३ जुलै २०१७ पासून लागू आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. "दंड भर नाहीतर वाळीत" हे वाक्य जाणत्यांच्या तोंडी सवयीने येतं, त्यांना आधीच समजवा. भुताळी ठरवून कोणा बाईला छळणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात बसतं. सज्ञान मुला-मुलीचं लग्न अडवायला बैठक बसवणं सुप्रीम कोर्टाने २०१८ च्या शक्तिवाहिनी निकालात बेकायदा ठरवलं आहे. आणि अल्पवयीन मुलीवर अत्याचार झाला असेल तर बसायचंच नाही, थेट तक्रार. पोक्सोत, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यात, माहिती लपवणं हाही गुन्हा आहे, आणि बकरा-दारूवर अशी प्रकरणं मिटलेली मी पाहिली आहेत. तिथे मला रूढीचा अभिमान वगैरे काही सुचत नाही.

राहिली आत्या. मुलीला वाटा नाही, हे वाक्य वहीत घालू नका. यात लपवाछपवी काहीच नाही. ते म्हाताऱ्यांचं मत आहे, घडलेला प्रसंग नाही, आणि वहीत फक्त प्रसंग लिहायचे असं आपण ठरवलंय. १९९६ मध्ये मधु किश्वर प्रकरणात सुप्रीम कोर्टाने आदिवासी बायकांना वारसा नाकारणारी तरतूद रद्द केली नव्हती, फक्त त्या जमिनीवर अवलंबून असलेल्या बायकांच्या उपजीविकेचा हक्क राखला होता. १७ जुलै २०२५ च्या रामचरण विरुद्ध सुखराम निकालाने गोष्ट उलटवली. गोंड बाईचे वारस वाटा मागत होते. खालच्या कोर्टांनी त्यांना सांगितलं, बाईला वाटा देणारी रूढी दाखवा. सुप्रीम कोर्टाने उलटं विचारलं: बाईला वगळणारी रूढी कुठे सिद्ध झाली आहे? नसेल तर समानतेने वाटा द्या. म्हणजे आज सिद्ध करायचं ओझं आत्याला बाहेर काढू पाहणाऱ्यांवर आहे. तुम्ही नियमावलीत ते वाक्य छापलंत, तर त्यांचा पुरावा तुम्हीच तयार करून देता.

म्हणून या आठवड्यात एकच करा. पाड्यातल्या साठीपुढच्या बायकांकडे जा, पुरुष कामावर गेल्यावर, आणि विचारा: कोणती विधवा, कोणती टाकलेली, कोणती बिनलग्नाची बहीण कोणाच्या घरात शेवटपर्यंत राहिली? आंबा कोणाला मिळाला, ताडी कोण उतरवून घेत होतं? नावं, अंदाजे वर्षं, घर कुठलं. दोन-तीन नावं सापडली तरी आत्याची बाजू उभी राहते. मग जाणत्यांना बसवा, त्या बायकांनाही बसवा, आणि जे ठरेल ते पान क्रमांक एकवर लिहा. प्राधिकरणाकडे जाताना जातीचा दाखला आणि रेशन कार्ड बरोबर ठेवा, वहीची मात्र झेरॉक्सच न्या. मूळ वही दाखल करायची वेळ येईपर्यंत पाड्यातच राहू दे, आणि शक्यतो आत्याच्याच घरात नको.